चव्वेचाळिसावा डोह

आम्हा धिवरांत डोहाची जागा जमिनीवर उभं राहून सांगत नाहीत. सांगणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं दोघांनी छातीभर पाण्यात जायचं. मग एकदाच, हळू आवाजात सांगायचं. ज्यानं सांगितलं त्यानं पुढे त्या डोहात जाळं टाकायचं नाही, आणि ज्यानं ऐकलं त्याच्यावर राखण येते. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर इतकी वर्षं पाळलं गेलं नसतं, असं माझं मत आहे.

डोह म्हणजे तलावातली ती जागा, जिथे वैशाखातही पाणी राहतं. सगळा तलाव आटून चिखल झाला तरी मरळ आणि शिंगूर हे मासे तिथे जीव धरून असतात, आणि पाऊस आला की त्यांचीच पिल्लं तलाव भरतात. डोह गेला की तलाव फक्त पाणी साठवायचा खड्डा उरतो.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी मला चिचबोडीच्या तलावात नेलं. पाणी माझ्या छातीला लागलं तसे ते थांबले. त्यांना ते कमरेपर्यंतच येत होतं, म्हणून ते गुडघ्यांत वाकले. आमची तोंडं एका पातळीवर आली. सकाळचं धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. बाबा म्हणाले, "उंबराच्या खोडासमोर सरळ रेषेत. कमळाच्या पलीकडं, होडीच्या चार लांब्या." मी मान हलवली. मला वाटलं, आता मी मोठी झाले.

मी रेवंता वलथरे. आज बेचाळीस वर्षांची आहे आणि चिचबोडीच्या मच्छीमार संस्थेची सचिव आहे. तीस वर्षं मी ती जागा राखली. आमच्या होड्या आता बॅटरीवर चालतात, पण त्या जागेला सगळ्या वळसा घालून जातात, कारण तिथे वेलीत पाय अडकून माणूस बुडतो अशी अफवा मीच सोडली होती. खबरदारी म्हणून वेलही मीच लावली, लांबूनच तिची कांडी फेकून. स्वतः मात्र तिथे एकदाही गेले नाही. राखणदारानं खजिना उघडून बघायचा नसतो.

आणि मग आरसा आला.

आरसा तालुक्याच्या गावी, एका बंद पडलेल्या भातगिरणीत आहे. गिरणीच्या फरशीवर आमच्या बेलझरी नदीचं अख्खं खोरं सिमेंटमध्ये ओतलेलं आहे, डोंगरांसकट, गावांसकट, आणि जुन्या मालगुजारीतल्या, म्हणजे जमीनदारी काळातल्या, त्रेचाळीस तलावांसकट. त्यावरून चार बोटं पाणी सतत वाहत असतं. वरून यंत्राचा उजेड पडतो. चपला काढून आत शिरलं की आपण आपल्याच मुलखावरून चालू लागतो. पायाच्या अंगठ्यापाशी येरंडीटोला आणि टाचेखाली चिचबोडी.

त्यामागचं शास्त्र मला चित्रलेखा कापगतेनं समजावलं. ती आरशाची अभियंता. जातीनं कोहळी, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले त्यांच्यातली. "तुमच्या आज्यानं तलाव बांधला, पण ओळखला आमच्या आज्यानं," असं मी तिला चिडवत असे.

ती म्हणाली होती, "रेवंताबाई, रांजण डोळ्यांसमोर आणा. किती पाणी ओतलं, किती काढलं, किती झिरपलं. आता असे हजारो रांजण एकमेकांना जोडलेले. एका गावानं बोअर मारली की दुसऱ्या गावाची विहीर आटते, पण लगेच नाही, दोन वर्षांनी. मग ते गाव आणखी खोल बोअर मारतं आणि त्याचा फटका फिरून पहिल्यालाच बसतो. तोवर आधी काय झालं होतं ते सगळे विसरलेले असतात. आरसा विसरत नाही."

प्रत्येक गाव आपापली माहिती आरशाला देतं: विहिरींची पातळी, पिकं, तलावांची खोली, मासळी. कोणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं. मग या सगळ्या गावांची मिळून असलेली खोरे-सभा विचारते, 'असं केलं तर काय होईल?' आणि पायांखालून दहा वर्षं वाहत जातात. शेतं हिरवी होतात, पिवळी पडतात, विहिरींचे ठिपके विझतात, पुन्हा लागतात. कोणी बोलत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वप्नात चालल्यासारखं वाटलं आणि बाहेर आल्यावर चपला विसरून अनवाणीच बसमध्ये चढले.

सगळ्यात मला आवडायचं ते धुकं. गावांनी दिलेल्या माहितीचा जिथे ताळा लागत नाही तिथे आरसा अंदाज मारत नाही, सरळ पांढरं धुकं दाखवतो. 'इथलं मला माहीत नाही' असं उघड कबूल करणारं एवढं मोठं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. माणसंही फार पाहिली नाहीत.

चिचबोडीची खोली मीच मोजून दिली होती. होडीतून शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायची, आकडा सांगायचा, पुढे जायचं. दोनशे ठिकाणी दोरी टाकली, फक्त उंबरासमोर टाकली नाही. तिथे मी आजूबाजूचाच आकडा सांगून दिला. पाच फूट. जमिनीवर बोलायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

तीन वर्षं पाऊस कमी झाला. फाल्गुनातल्या सभेत प्रश्न आला, की कोणते तलाव राखायचे. आरशानं बारा तलावांवर बोट ठेवलं. ते उथळ आहेत, वैशाखापर्यंत त्यांचं पाणी उन्हानं उडून जाणारच आहे. त्यापेक्षा ते आत्ताच खालच्या मोठ्या तलावात सोडावं, पिण्याला होईल, आणि रिकाम्या बारा तलावांत यंत्रं उतरवून गाळ काढावा. बारात आमचा चिचबोडी होता.

योजना शहाणपणाची होती, हेच वाईट होतं. मूर्खपणाची असती तर मी भांडले असते. ती माझ्याच आकड्यावर उभी होती.

चित्रलेखा मात्र खूश नव्हती. ती पाण्यात उभी राहून बोट दाखवत म्हणाली, "हे धुकं बघा. चैत्रात या विहिरी आटायला हव्यात, आटत नाहीत. कुठून तरी पाणी येतंय आणि ते आपल्या हिशोबात नाही. मला आधी मोजमापातली चूक वाटली. पण चूक एखाद्या तलावापाशी असती. इथे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तलावांवर धुकं आहे. सगळीकडे सारखी चूक यंत्र करत नाही. ती माणसंच करतात."

मी मान वर केली. सभेत गावोगावचे धिवर होते. येरंडीटोल्याची सकूबाई, नवरबोडीचे दोघे भाऊ, खालच्या अंगाचे पाचसहा म्हातारे. एकजात सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. सकूबाईचे कान लाल झाले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला इतकी वर्षं वाटत होतं, खोटं मी एकटीच बोलले. पण प्रत्येक गावात कोणी ना कोणी होतं, आणि त्या प्रत्येकानं होडी नेमकी तेवढ्या जागेला वळसा घालून नेली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून, एकमेकांना न विचारता, आमच्या खोऱ्यातलं सगळ्यात जुनं पाणी आरशापासून लपवलं होतं. आणि जे पाणी नाहीच असं आम्ही सांगितलं, ते नाहीच असं धरून आरशानं आमचे तलाव रिकामे करायला काढले होते.

सभेनं आठ दिवस दिले. कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर नवव्या दिवशी तुडुम उघडणार. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, म्हणजे बांधातलं, पाणी सोडायचं दगडी तोंड.

घरी बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत होते. दसाराम वलथरे, वय अठ्ठ्याहत्तर. डोळे वर्षभरात अधू झाले होते, समोरचं धूसर दिसायचं, पण जाळ्याचं भोक त्यांना बोटांनी दिसत होतं. मी सगळं सांगितलं.

त्यांनी जाळं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "तू सांगतलंस काय कोनाले?"

"नाही."

"मंग झालं. मी बी सांगनार नाई."

"बाबा, तलाव रिकामा होईल. यंत्रं उतरतील. डोह फुटेल. मग राखायचं काय?"

"माह्या बापानं मले सांगतलं, तवा आमी दोघंच होतो. दोघांचं तोंड आन पानी." त्यांनी गाठ मारली. "तुझा आरसा म्हंजे बजार हाय वो. बजारात सांगतलेल्या गोष्टीची राखन कोन करते? ज्याची गोष्ट त्याले नाई, तं दुसऱ्याले काय पडली?"

खरं सांगायचं तर हीच भीती मलाही होती. सगळ्यांना माहीत असलेली जागा कोणाचीच नसते. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक नळाकडे बघा.

सहा दिवस आम्ही एकमेकांशी जेवणापुरतं बोललो. सातव्या दिवशी सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. "चाल. तुझं ते धुकं पाहू दे मले," ते म्हणाले.

गिरणीत त्या दिवशी सभा भरलेलीच होती. बाकीचे धिवरही आले होते, बहुतेक माझ्यासारखेच घरी भांडून. बाबांना मी हात धरून पाण्यात उतरवलं. ते सावकाश चालत होते, पायांनी चाचपत. "ही पाळ," ते म्हणाले. "हा ओढा. अन् हे येरंडीटोला, नाई काय?" जन्मात नकाशा न बघितलेला माणूस खोरं पायांनी वाचत होता. चिचबोडीपाशी येऊन ते थांबले. धुकं त्यांच्या पोटऱ्यांभोवती होतं.

"सकाळी असंच दिसते तलावावर," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी हसू बघितलं. मग त्यांनी विचारलं, "हे पानी किती?"

"चार बोटं, आजोबा," चित्रलेखा म्हणाली.

"खरं पानी?"

"खरं. बेलझरीचंच आणतो."

बाबांनी क्षणभर विचार केला. मग माझा हात सोडला, धोतर सावरलं आणि त्या चार बोटं पाण्यात खाली बसले. बसून भागेना, तेव्हा ते कुशीवर होऊन सरळ पालथे झाले, आमच्या तलावावर आडवे, कोपरांवर भार देऊन. पाणी त्यांच्या छातीला लागलं.

कोणी हसलं नाही. मला मी बारा वर्षांची असतानाचे त्यांचे वाकलेले गुडघे आठवले.

"बाई, तू बी ये," ते मला म्हणाले. मी त्यांच्या शेजारी पालथी झाले. मग त्यांनी मान वर करून चित्रलेखाला विचारलं, "हे तुमचं यंत्र ऐकते काय?"

"ऐकतं."

"ज्यानं ऐकलं त्याच्यावर राखन येते. हे करन काय राखन?"

चित्रलेखा इंजिनीयर आहे, तिला झटकन हो म्हणता आलं असतं. ती थांबली, विचार केला, आणि साडीसकट पाण्यात आडवी झाली. "ते एकटं नाही करू शकणार," ती म्हणाली. "पण सभेचा नियम त्यात घालता येतो. डोह सोडून बाकीच्याच गोष्टी ते सुचवेल, डोह रिकामा करायचा बेत त्याला सुचवताच येणार नाही, कोणी विचारलं तर नुकसान तेवढं दाखवेल. तो नियम कोणी काढायला गेलं तर त्रेचाळीस गावांना कळेल. आणि मी ऐकतेय, आजोबा. माझ्यावरही येईल."

सभेत हात वर झाले, नियम घातला गेला. बाबांनी मान हलवली. मग एकदाच, हळू आवाजात बोलले.

"धुन्याच्या दगडापासून तीन हात, दक्षिनेले. पान्याखाली दगडाची मोठी चीप हाय. दोरी टाकाल तं चिपेवर बसते आन पाच फूट सांगते. चिपेखाली कपार हाय. तिचा तळ माह्या बापाले बी लागला नाई."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. धुण्याचा दगड तलावाच्या या टोकाला आणि उंबर त्या टोकाला. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

तोवर सकूबाई पदर खोचून पाण्यात उतरली होती. मग नवरबोडीचे भाऊ. मग एकेक करत सगळे. गिरणीच्या फरशीवर म्हातारे धिवर आपापल्या तलावावर पालथे पडले होते आणि कुजबुजत होते. एकेका तलावावरचं धुकं विरत गेलं आणि तिथे निळा ठिपका लागला. शेवटचा ठिपका लागला तेव्हा चित्रलेखा उठून बसली आणि तशीच बसून राहिली.

त्रेचाळीस ठिपके जवळजवळ एका रेषेत होते. नदी वळणं घेत जाते, ही रेषा मात्र सरळ होती. "खडकातली भेग आहे ही," ती म्हणाली. "जमिनीखालून सगळे डोह एकमेकांना जोडलेले आहेत. म्हणून विहिरी आटत नव्हत्या." तिनं चिचबोडी रिकामा करून दाखव असं आरशाला शेवटचं विचारलं. आमच्या पायांखालून तीन वर्षं गेली आणि खालच्या नऊ गावांच्या विहिरी एकामागून एक विझल्या. कोणी काही म्हणायची गरज उरली नाही. बारा तलाव राखायचे, गाळ फक्त काठाकाठानं हातानं काढायचा, असं ठरलं.

सगळे आनंदात होते. मला राग आला होता. तीस वर्षं मी एका खोट्या जागेसाठी खोटं बोलले होते. रागाखाली लाज होती, आणि लाजेच्याही खाली मी बारा वर्षांची होऊन रडकुंडीला आले होते.

बसमध्ये मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"बारा वर्साच्या पोरीले खरा डोह कोन सांगते?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पयले एक जागा सांगाची. ते पोटात ठेवते का पाहाचं. दोन-चार वर्सानं खरी सांगाची. माह्या बापानं बी असंच केलं."

"मग दोन-चार वर्षांनी का नाही?"

"सांगतलं असतं तं मले तिथं जाळं टाकता आलं नसतं," ते म्हणाले. "मले वाटलं, औंदा टाकतो, पुढल्या साली सांगतो. असं करता करता म्हातारा झालो वो." आणि मग, "माही चूक झाली."

बाबांनी चूक कबूल केलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. माझा राग तिथेच ओसरला, म्हणजे मी ओसरू दिला.

गावात उतरल्यावर ते घराकडे वळले नाहीत. "होडी काढ," म्हणाले. ऊन उतरणीला लागलं होतं. "उंबरासमोर घे."

मी होडी तिकडे नेली. तीस वर्षांत पहिल्यांदा वळसा न घालता कमळापलीकडे, चार लांब्या. बाबांनी शिशाची दोरी माझ्या हातात दिली. मी ती सोडली. पावणेतीन हातांवर गोळा मऊ चिखलात बसला. डोहबिह काही नव्हता. माझी राखण अशी एवढीशी निघाली.

"आता खाली पाहा," बाबा म्हणाले.

मी वाकले. पाणी स्वच्छ होतं. मी लावलेली वेल आता जंगलासारखी पसरली होती, आणि तिच्या देठादेठांतून पिल्लं फिरत होती. मरळीची तांबूस पिल्लं थव्यानं, शिंगुराची काळी, आणि आमच्या तलावातून गेलीच असं आम्ही समजत होतो ती दाडकसुद्धा. शेकडो. होडीची सावली पडली तरी पळत नव्हती. माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

"दोन वर्सांमागं, डोळे बरे होते तवा, मले हे दिसलं," बाबा म्हणाले. "चिपेखाली मोठी मासळी जगते. पन पिल्लं मोठी होतात ते इथं. तीस वर्सं इथं जाळं पडलं नाई, पाय पडला नाई. मी तुले खोटी जागा देल्ली होती. तू ते खरी केलीस."

कमळाची पानं हलत होती आणि खाली तांबूस थवा वळून पुन्हा वळत होता.

बाबा होडीची कड धरून पाण्यात उतरले. चिखलात पाय रोवून उभे राहिले. पाणी बरोबर त्यांच्या छातीला लागलं. "ये," ते म्हणाले. "हा डोह मले मालूम नाई. तुझा हाय. तू सांग, मी ऐकतो."

मी खिशातलं सभेचं माहितीयंत्र, ज्यातून बोललेलं थेट आरशात पोचतं, ते चालू करून होडीच्या फळीवर ठेवलं. मग पाण्यात उतरले, वेल पायांत येऊ नये म्हणून जपून. बाबांसमोर उभी राहिले. आमची तोंडं एका पातळीवर होती, आता कोणालाच वाकायला लागत नव्हतं.

"उंबराच्या खोडासमोर, सरळ रेषेत," मी म्हणाले. "कमळाच्या पलीकडे, होडीच्या चार लांब्या."

बाबांनी मान हलवली.